हाडातलं हाड

नेकनूरहून आत गेलेली एस.टी. ज्या वाडीत जाऊन तोंड फिरवते, त्या वाडीत महिलांची एक कुक्कुटपालन सहकारी संस्था आहे. कागदावर चेअरमन विमलबाई. सह्या त्यांच्या, बाकी सगळं त्यांचे यजमान मोहनराव बघतात. मोहनराव साखर कारखान्याचे संचालक, सोसायटीचेही संचालक, आणि गावात कुणाच्या दारी मांडव पडला की पहिला फेटाही त्यांनाच. तर अशा या महिलांच्या संस्थेत जिला खरोखर काम येत होतं अशी बाई एकच होती, छबुबाई.

कोंबडी अंड्यावर आहे की नुसतीच खाद्य खातेय, हे ती बोटानं सांगायची. कोंबडी काखेत उलटी धरायची, शेपटीखाली दोन हाडांची टोकं लागतात त्यांच्यामध्ये बोटं ठेवायची. तीन बोटं बसली तर कोंबडी चालू आहे. एकच बसलं तर आटली. तीन बोटांची परत पिंजऱ्यात, एका बोटाची क्रेटमध्ये, आणि क्रेट टेम्पोतून बीडला खाटकाकडं. दोन बोटांची निघाली तर छबुबाई थांबायची, खालची वाट ओली आहे का कोरडी ते बघायची, आणि मनात आलं तर आठ दिवसांची मुदत द्यायची. एकदा तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी दहा कोंबड्या तपासल्या. नऊ जुळल्या. दहावी डॉक्टर म्हणाले बाद, छबुबाई म्हणाली चालू. दुसऱ्या दिवशी त्या कोंबडीनं अंडं घातलं. तेव्हापासून छबुबाईच्या बोटावर अपील नव्हतं.

स्वतःबद्दल मात्र ती म्हणायची, "मी एका बोटाची. मला टेम्पोत कुणी घातलं न्हाई, एवढंच."

बायका हसायच्या. ती हसायची नाही.

चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षापर्यंत तीन लेकरं, आणि दसरा झाला की नवरा शहादेवबरोबर ऊसतोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. बाईनं एक दिवस दांडी मारली की कोयता अर्धा पडतो, आणि दांडीचा खाडा मुकादम अंगावर टाकतो. महिन्याच्या चार दिवसांसाठी फडात ना आडोसा, ना पाणी. ओल्या कपड्यानिशी मोळ्या डोक्यावर. सव्विसाव्या वर्षी अंगावरून जास्त जायला लागलं तसं मुकादमानंच दवाखाना दाखवला. डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवलं, पिशवीला सूज आहे म्हणाला, पुढं कॅन्सर होईल म्हणाला. कॅन्सर म्हटल्यावर कोण विचार करतं? अंगठा केला, पिशवी काढली, आणि महिना उलटायच्या आत छबुबाई कोयता हातात घेऊन फडात उभी. त्या टोळीत तशा नऊ जणी होत्या. मुकादमाला बरं होतं. कारखान्यालाही बरं होतं, ऊस वेळेवर जात होता.

पुढं काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. थंडीत पहाटे अंगाची लाही व्हायची, लुगडं भिजायचं. तिशीतच गुडघे गेले, कंबर धरली. अडतिसाव्या वर्षी जमिनीला हात टेकून उठायला गेली आणि मनगट मोडलं. पडली नाही, झडली नाही, नुसती उठली होती. तेव्हा तिनं ऊस सोडला आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये आली. शहादेव पुढं काविळीनं गेला. आणि ती? विचारलं तर "बरी हाय" म्हणायची. अंगाच्या गोष्टी बाईनं सांगायच्या कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आत एक किडा वळवळत होताच. हे सगळं त्या अंगठ्यानं तर झालं नाही ना? आपलं वाटोळं आपणच सही करून घेतलं की काय?

ही तेवीस सालची गोष्ट. श्रावण कोरडा गेला, भादवा कोरडा. सोयाबीन गुडघ्याला यायच्या आत पिवळं पडलं, टँकर सुरू झाले. असल्या वर्षी टोळ्या मोठ्या निघतात. छबुबाईचा धाकटा आश्रुबा आणि त्याची बायको साखरा यांचा कोयता बद्रीनाथ मुकादमाच्या टोळीत ठरला होता. साखरा चोवीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. तिलाही गेल्या हंगामापासून त्रास होता. बद्रीनाथ दारात आला, ओट्यावर बसून पाणी मागितलं, आणि सरळ मुद्द्यावर आला.

"काकू, पोरीच्या पिशवीचा निकाल लावून टाका. दसऱ्याच्या आदी झालं तर फडात बिनघोर. आता आपल्या जिल्ह्यात परवानगीचं लफडं झालंय, पर बाहेरचा दवाखाना हाय माझ्या वळखीचा. गाडी माझी."

परवानगीचं लफडं म्हणजे काय, तर बायकांच्या पिशव्या काढण्यावरून चार वर्षांपूर्वी बोंब झाली होती, चौकशी बसली होती, आणि आता सरकारी डॉक्टरला विचारल्याशिवाय काढता येत नव्हती. गाडीत घालून हद्द ओलांडली की नियम संपत होता.

आश्रुबा म्हणाला, "आई म्हणंल तसं." पुरुषाला नको असलेला निर्णय आला की आईचा मान वाढतो.

 सकाळी पाण्याच्या रांगेत, घागरी टाकून उभ्या असताना साखरानं हळूच विचारलं. "आत्याबाई, तुमी काडलीय. दुसऱ्या कुणाचं मी ऐकनार न्हाई. तुमी काड म्हनला तर काडते, नको म्हनला तर मुकादमाला तोंडावर नको म्हनते."

छबुबाई म्हणाली, "सांगते." आणि आठ दिवस गप्प राहिली. लाही होते, हाड मोडतं, हे तोंडावर आलं होतं. पण सुनेपुढं ते बोलायची जीभ तिला नव्हती. शिवाय ते पिशवीनं झालं की उसानं, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

त्याच आठ दिवसांत संस्थेत प्रशिक्षण लागलं. अनुदान टिकवायचं तर वर्षातून एकदा प्रशिक्षण दाखवावं लागायचं. डॉक्टर येणार होते ते ऐनवेळी आलेच नाहीत. मोहनरावांनी पाटोद्याच्या कॉलेजातून बंकट सरांना उचलून आणलं. सर प्राणिशास्त्र शिकवायचे, पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पगार. तरुणपणी विदर्भात डायनासोरची अंडी शोधत खडकांतून फिरले होते, डॉक्टरेट करायची होती, ती राहिली. कोंबड्यांविषयी बोला म्हटल्यावर बिचाऱ्याला आपली जुनी वही आठवली.

शेडच्या सावलीत चाळीस बायका बसल्या. सर म्हणाले, "कोंबडी ही डायनासोरची वंशज आहे." मग त्यांना कंठ फुटला. कोंबडीसारखीच त्या जनावरांनाही शेपटीखाली एकच वाट असणार, घाणीलाही तीच, अंड्यालाही तीच, नराशी जुळायलाही तीच. चीनमध्ये एक कुत्र्याएवढा डायनासोर कातडीसकट दगड होऊन सापडलाय, पोपटासारखी चोच, बारा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ती वाट अजून दिसते, कडा काळपट आहेत, ठेवण मगरीच्या जवळपास जाते. एवढी नीट राहिलेली दुसरी अजून मिळालेली नाही.

"पण तो नर की मादी, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही," सर म्हणाले.

"मग आमच्या छबूला न्या की चीनला," भिवराबाई म्हणाली. "बोट लावून सांगल."

सगळं शेड हसलं. सरही हसले आणि मोकळे झाले. कोंबड्याला बाहेरचं इंद्रिय नसतं, पण बदकाला असतं, शहामृगाला असतं, मगरीलाही असतं. तेव्हा डायनासोरलाही असावं असा कयास. पण मांसाचा दगड सहसा होत नाही, आणि पुरावा अजून सापडलेला नाही.

"बाप दाखव न्हाई तर श्राद्ध कर," भिवराबाई पुन्हा म्हणाली.

एवढाली शेपटी, कुणाच्या पाठीवर ताटाएवढ्या हाडांची रांग, ती जनावरं जुळत कशी होती? सरांनीच विचारलं आणि सरांनीच सांगितलं, ते पाहायला कुणी नव्हतं. मादी शेपूट एका अंगाला घेत असेल. अमेरिकेत खडकावर मोठमोठ्या नख्यांचे ओरखडे मिळालेत. काही पक्षी मादीपुढं नाचताना माती उकरतात, तसेच ते असावेत असं म्हणतात. "बाकी सगळा अंदाज."

"मंग नर-मादी कळतीच न्हाई म्हना," छबुबाईनं विचारलं. हा तिच्या धंद्याचा प्रश्न होता.

सरांचे डोळे चमकले. "कळते. एकाच वेळी कळते, मादी अंड्यावर आली की. पक्ष्यांत आजही होतं हे. अंडी घालायच्या आधी मादी मांडीच्या हाडाच्या पोकळीत दुसरं एक हाड तयार करते. हाडातलं हाड. मऊ, रक्तानं भरलेलं. अंड्याच्या कवचाला त्यातून माल जातो, आणि अंडी संपली की ते हाडही संपतं. अमेरिकेत एका अजस्र डायनासोरच्या मांडीत ते सापडलं, सात कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा कळलं की ही बाई होती आणि पोटुशी होती."

 छबुबाई पुढं सरकून बसली. त्या पावसाळ्यात संस्थेनं खाद्यातला, कवचासाठी लागणारा शिंपल्याचा चुरा बंद केला होता, दुष्काळात परवडत नाही म्हणून. जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या पिंजऱ्यातच पायात मोडत होत्या. तिनं त्या हातानं उचलल्या होत्या.

"म्हंजी अंडं हाडातून येतंय?"

"बरोबर."

"मंग देनारी हाडानं खंगनारच की."

"वरून मिळालं नाही तर खंगते," सर म्हणाले, आणि वहीचं पान उलटलं. "आता हे हाड तयार कशानं होतं? तर मादीच्या अंगातला एक रस असतो, तो अंडाशयातून येतो. बायकांमध्येही तोच..."

मोहनराव खाकरले. विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मागं दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. सरांचे कान तांबडे झाले, त्यांनी पानाकडं पाहिलं आणि वही मिटली.

"चहा झालाय, सर," मोहनराव म्हणाले.

एवढंच झालं. पण छबुबाईच्या डोक्यात दिवा लागला. तीन लेकरं, एकेकाला दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं, फडात भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन. आडातच नव्हतं ते पोहऱ्यात आलं कुठून? हाडातून आलं. तिची हाडं लेकरांत गेली होती. पिशवीचा काही दोष नव्हता. उलट पिशवी काढली म्हणून उरलीसुरली तरी राहिली! आटलेली कोंबडी पायानं कशी मजबूत असते, हे काय तिला माहीत नव्हतं? एकोणीस वर्षांचा किडा एका दुपारी मेला. तिला इतकं हलकं वाटलं की चहाचा दुसरा कप तिनं स्वतःहून मागून घेतला. आपल्याला दोषातून सोडवणारं शास्त्र माणसाला लगेच पटतं. त्याला पुरावा लागत नाही.

त्याच सांजेला तिनं साखराला सांगितलं. "काड गं बाई. दोन लेकरं बास झाली. बाईचं हाड लेकरात जातंय, शास्त्रात सांगितलंय. जेवडं हाय तेवडं वाचंल."

"तुमाला काय तरास न्हाई ना झाला?"

छबुबाईनं सुनेकडं पाहिलं नाही. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

दसऱ्याच्या आधी तीन आठवडे साखरा बद्रीनाथच्या गाडीतून गेली आणि पाचव्या दिवशी पोट धरून परत आली. डॉक्टर म्हणाला होता, परत तकलीफ नको म्हणून सगळंच काढून टाकलंय. घरात सगळ्यांना हे ऐकून बरं वाटलं. दिवाळीनंतर टोळी गेली. लेकरं छबुबाईपाशी राहिली.

पौषात पाटोद्याच्या बाजारादिवशी छबुबाईनं एक कोंबडी पिशवीत घातली आणि सरांना द्यायला निघाली. तीन बोटांची, चांगल्यातली. चांगलं सांगणाऱ्याला रिकाम्या हातानं भेटू नये. सर कॉलेजच्या पायरीवर उन्हात बसले होते. तास झाला नव्हता. त्यांनी तिला ओळखलंच नाही. तिनं बोट वर करून दाखवलं तसे हसले.

"सर, तुमच्या बोलन्यानं सुनेचं कल्यान झालं. तुमी हाडाचं सांगितलं न्हवं? तिची पिशवी काडून टाकली. म्हनलं पोरीची हाडं तरी वाचतील."

सरांचं हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. "काय काढलं? नुसती पिशवी?"

"समदंच साफ केलं म्हनला डॉक्टर. माजं बी तसंच केलंतं."

 सरांनी खाली बघत सांगितलं. त्या दिवशीचं पान अर्धं राहिलं होतं. तो रस अंडाशयातून येतो. कोंबडीत तो हाडातलं हाड बांधतो, बाईत आहे ते हाड राखतो. लेकरात गेलेलं बरंचसं हाड पुढं भरून येतं. पण अंडाशय काढलं की राखणदारच गेला. भर तारुण्यात काढलं तर अंगाची लाही होते, हाडं चाळिशीच्या आत ठिसूळ होतात.

"तुम्हाला झालं का असं काही?" त्यांनी विचारलं.

 छबुबाई आपल्या मनगटाकडं बघत होती, जिथं हाड वाकडं जुळलं होतं.

"मंग तवा कावून न्हाई सांगितलं?"

"बाई, तिथं... मोहनराव होते. बायका बसल्या होत्या. बायकांपुढं कसं बोलायचं ते?"

"कसं म्हंजी? सात कोटी वर्सांमागं मेलेलीच्या मांडीतलं सांगितलं. तिचं कुटून येतंय, कुटून जातंय, समदं सांगितलं. समोर चाळीस जनी जित्या बसल्यात्या, त्यांचं तेवडं सांगायला लाज वाटली?"

सर काही तरी म्हणाले, औषधं असतात, गोळ्या असतात, बीडला मोठ्या डॉक्टरला दाखवा, मी चिठ्ठी देतो. चिठ्ठी तिनं घेतली. कोंबडी परत पिशवीत घातली आणि उठली. सरांनी थांबा म्हटलं नाही.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. मोहनराव खाकरला म्हणून, असं तिनं स्वतःला दहादा सांगितलं. बद्रीनाथनं गाडी दिली म्हणून. सरानं वही मिटली म्हणून. सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या तरी वाडी आली नव्हती, आणि शिव्या संपल्यावर एकच नाव उरलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, टोळी जेवायला बसायच्या वेळेला, तिनं फोन लावला. साखरानं घेतला. "आत्याबाई, पोरं जेवली का?" तिनं विचारलं. मग म्हणाली की पंधरा दिवसांपासून रात्री अंगाची आग होतेय, भर थंडीत घोंगडी फेकून देतेय, ऊस बाधला असेल.

"ऊस न्हाई गं," छबुबाई म्हणाली, आणि सगळं सांगितलं. पहाटेची लाही, भिजलेलं लुगडं, तिशीतले गुडघे, मनगट. पडले नव्हते, नुसती उठले होते. सरांचा रस सांगितला, चिठ्ठीचं सांगितलं, फड सोडून ये म्हणाली, मुकादमाचं काय ते मी बघते म्हणाली. एकोणीस वर्षांत जे कुणापुढं बोलली नव्हती ते पोरीच्या कानात एका दमात ओतलं.

पलीकडं जेवणाऱ्यांचे आवाज मागं पडले, साखरा बाजूला गेली होती.

"सरानं आत्ता सांगितलं, ते ठीक हाय," साखरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पर तुमचं तुमाला ठाव व्हतं. मी इचारलंतं, आत्याबाई. पान्याच्या रांगेत बी इचारलं, घरात बी इचारलं. तवा कावून न्हाई सांगितलं?"

छबुबाईच्या तोंडाशी उत्तर आलं. सुनेपुढं कसं बोलायचं ते? काल पायरीवर ऐकलेलंच होतं, एक शब्द बदललेला. ते तिनं गिळलं.

"लाज वाटली," ती म्हणाली.

तिकडून बद्रीनाथनं हाक मारली, ट्रॅक्टर आला होता. साखरानं "ठिवते" म्हटलं आणि फोन ठेवला.